स्वतःच्याच वस्तूची चोरी

महाविद्यालयाच्या वार्षिकांकात चित्रपटावर लेख म्हटला की वाचणाऱ्यांची अपेक्षा ठरलेली असते. दिग्दर्शन, छायाचित्रण, अभिनय यांचा हिशेब मांडायचा आणि शेवटी 'एकदा अवश्य पाहावा' अशी शिफारस करून मोकळे व्हायचे. मला मात्र या लेखात एका चित्रपटाच्या आधाराने एक प्रश्न सोडवून पाहायचा आहे. प्रश्न असा: आपल्याकडून बळाने नेलेली वस्तू आपणच गुपचूप उचलून आणली, तर तिला चोरी म्हणायचे काय? चित्रपटाचे नाव 'स्टोन ऑफ डेस्टिनी'. चार्ल्स मार्टिन स्मिथ यांनी लिहून दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २००८ साली आला. मी तो दोनदा पाहिला. पहिल्यांदा गोष्टीसाठी आणि दुसऱ्यांदा इतिहास ताडून पाहण्यासाठी. इतिहास हा माझा अभ्यासाचा विषय असल्यामुळे दुसऱ्या खेपेचा आनंद अधिक होता, हे सांगायला नकोच.

चित्रपटाचा नायक खरे पाहता माणूस नव्हे, दगड आहे. साधा, तांबूस वालुकाश्म. वजन सुमारे १५२ किलो. रस्त्याच्या कडेला पडलेला दिसला तर त्यावर बसून आपण चहा पिऊ, इतका सामान्य. परंतु स्कॉटलंडच्या राजांचा राज्याभिषेक शतकानुशतके याच दगडावर होत असे. पर्थ शहराजवळच्या स्कून या गावी तो होता, म्हणून त्याला स्कूनचा दगड म्हणतात. 'दैवशिला' हे त्याचे दुसरे, लाडके नाव. त्याच्याभोवती दंतकथाही पुष्कळ आहेत. बायबलमधला याकोब ज्या दगडावर डोके ठेवून झोपला आणि स्वप्नात स्वर्गाची शिडी पाहता झाला, तोच हा दगड, असे भाविक सांगत. भूगर्भशास्त्राने या कथेतली हवा केव्हाच काढून घेतली आहे. हा दगड स्कूनच्याच परिसरातला आहे, बाहेरून कोठून आलेला नाही. पण मला वाटते, यामुळे स्कॉटिश माणसाचा त्याच्यावरचा हक्क दुबळा न होता उलट पक्का होतो. दगड पवित्र भूमीतून आला नसेल. तो त्यांच्या स्वतःच्या मातीतून आला आहे.

१२९६ साली इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने स्कॉटलंडवर स्वारी केली आणि लुटीबरोबर हा दगडही लंडनला नेला. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्याने लाकडाचे एक सिंहासन करवून घेतले आणि त्याच्या बैठकीखाली हा दगड बसवला. यातला अर्थ लहान मुलालाही कळावा असा होता. इंग्लंडचा राजा यापुढे स्कॉटलंडच्या राजपदावर अक्षरशः बसणार होता. जिंकलेल्या देशाचा खजिना नेणे आणि त्याचे चिन्ह नेणे यांत फरक आहे. खजिना पुन्हा भरता येतो. चिन्ह गेले की 'आपण कोण' या प्रश्नाचे उत्तरच परक्याच्या कपाटात कुलूपबंद होते. पुढे १६०३ साली स्कॉटलंडचाच राजा सहावा जेम्स इंग्लंडच्या गादीवर आला आणि १७०७ साली दोन्ही देशांच्या संसदा एक झाल्या. दगड मात्र लंडनलाच राहिला.

आता साडेसहाशे वर्षे ओलांडून आपण १९५० सालात येऊ. दुसरे महायुद्ध संपून पाचच वर्षे झाली होती. स्कॉटलंडला स्वतःची संसद असावी या मागणीसाठी जॉन मॅकॉर्मिक नावाच्या वकील पुढाऱ्याने एक मोठी सह्यांची मोहीम चालवली होती. सुमारे वीस लाख सह्या जमल्या होत्या असे सांगतात. लंडनच्या सरकारने त्यांची दखलही घेतली नाही. मोर्चा काढला, अर्ज दिला, सह्या गोळा केल्या आणि सारे कागद कोठल्याशा टेबलावर धूळ खात पडले, हा अनुभव आपल्यालाही अपरिचित नाही. याच मॅकॉर्मिकांना ग्लासगो विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी त्या वर्षी आपला रेक्टर म्हणून निवडून दिले. निवडणुकीत त्यांच्यासाठी राबणारा एक विद्यार्थी होता इयन हॅमिल्टन. वय पंचवीस, विषय कायदा. सह्यांनी जे झाले नाही ते एका दगडाने होईल असे त्याच्या मनाने घेतले.

चित्रपट येथून सुरू होतो. चार्ली कॉक्स या नटाने हॅमिल्टनची भूमिका केली आहे. त्याने रंगवलेला इयन गर्जना करणारा देशभक्त नाही. थोडा उतावळा, थोडा हट्टी, आपल्या वर्गात मागच्या बाकावर सापडेल असा मुलगा आहे. त्याला साथ देणारे तिघे: के मॅथेसन ही बावीस वर्षांची गृहशास्त्राची शिक्षिका (ही भूमिका केट मारा हिची), गॅव्हिन व्हर्नन हा अभियांत्रिकीचा विद्यार्थी आणि ॲलन स्ट्युअर्ट, जो अवघा वीस वर्षांचा होता. मॅकॉर्मिकांची भूमिका रॉबर्ट कार्लाइल यांनी केली आहे. आयुष्यभर सनदशीर मार्गाने झगडून थकलेला पुढारी आणि त्याच्यासमोर एक बेकायदा पण साधी कल्पना घेऊन उभा असलेला मुलगा, यांच्या भेटीचे प्रसंग मला चित्रपटातले सर्वांत जिवंत प्रसंग वाटले. मुलाला परवानगी द्यावी तर जबाबदारी येते. देऊ नये तर स्वतःच्या आयुष्यभराच्या मागणीलाच नकार दिल्यासारखे होते. कोणत्याही महाविद्यालयातल्या प्राध्यापकांना ही अडचण ओळखीची वाटेल.

प्रत्यक्ष घटना इतकी चमत्कारिक आहे की पटकथाकाराला फारशी भर घालावी लागली नसावी. नाताळच्या सुटीत हे चौघे दोन फोर्ड अँग्लिया गाड्या घेऊन ग्लासगोहून लंडनला निघाले. कडाक्याची थंडी, त्या काळचे रस्ते. प्रवासाला सुमारे अठरा तास लागले. पहिल्या प्रयत्नात हॅमिल्टन ॲबीतच एका ढकलगाडीखाली लपून बसला. दारे बंद झाल्यावर बाहेर येऊन साथीदारांना आत घ्यायचे असा बेत होता. पण पहारेकऱ्याने त्याला पाहिले. चुकून आत अडकलेला कोणी गरीब बिचारा असावा अशा समजुतीने त्याने त्याला सोडून दिले!

दुसरा प्रयत्न २५ डिसेंबरच्या पहाटे झाला. तिघे तरुण पहारीने बाजूचे दार उचकटून आत शिरले, के गाडीत थांबली. सिंहासनाखालून दगड ओढून काढताना तो खाली आला आणि त्याचे दोन तुकडे झाले. कल्पना करा: ज्या वस्तूसाठी जीव धोक्यात घातला, ती आपल्याच हातून मोडली. हॅमिल्टनने आपला ओव्हरकोट जमिनीवर पसरला आणि दगडाचा मोठा भाग त्यावर घालून ओढण्यात आला. लहान तुकडा त्याने उचलून केच्या गाडीत नेऊन टाकला, तोच समोरून एक पोलीस शिपाई आला. हॅमिल्टन आणि के यांनी क्षणात एकमेकांना मिठी मारली. नाताळच्या पहाटे राहायला जागा न मिळालेले हे कोणी प्रेमिक असावेत अशा समजुतीने शिपाई त्यांच्याशी गप्पा मारत उभा राहिला. के गाडी घेऊन निघून गेली. हॅमिल्टन परत आला तर साथीदार दिसेनात आणि दुसऱ्या गाडीची किल्ली अंधारात कोठेतरी पडलेली. चाचपडत त्याने ती शोधली, दगडाचा मोठा भाग एकट्याने ओढत गाडीपर्यंत नेला आणि कसाबसा आत चढवला.

मोठा भाग केंट परगण्यात एका शेतात पुरून ठेवण्यात आला. चोरी उघडकीस येताच पोलिसांनी इंग्लंड व स्कॉटलंड यांच्यामधील सीमेवर नाकेबंदी केली. चारशे वर्षांत असे प्रथमच घडले असे म्हणतात. पंधरवड्याच्या आत हॅमिल्टन मित्रांना घेऊन परत गेला, तेव्हा दगड पुरला होता त्याच जागी भटक्या जिप्सींनी पाल ठोकले होते. त्यांच्या शेकोटीशी बसून, त्यांना विश्वासात घेऊन दगड उकरून काढावा लागला. ग्लासगोत बर्टी ग्रे नावाच्या पाथरवटाने दोन्ही तुकडे सांधले. सांधताना त्याने आत एक चिठ्ठी ठेवली असे सांगतात; तीत काय लिहिले होते हे त्याने कधी उघड केले नाही.

या साऱ्या प्रकरणात विद्यार्थ्यांना विशेष गंमत वाटावी असा एक तपशील आहे. पोलिसांना हॅमिल्टनचा माग लागला तो ग्लासगोच्या मिचेल ग्रंथालयातून. वेस्टमिन्स्टर ॲबीविषयीची पुस्तके एवढ्या आस्थेने कोण वाचतो आहे, हे ग्रंथालयाच्या नोंदींनी सांगितले. ग्रंथालयाच्या चिठ्ठ्या कोणी पाहत नाही असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

११ एप्रिल १९५१ रोजी सांधलेला दगड आर्ब्रोथ येथील ॲबीच्या भग्नावशेषांत, स्कॉटलंडच्या निळ्या-पांढऱ्या ध्वजाने झाकून, ठेवलेला आढळला. जागा विचारपूर्वक निवडली होती. १३२० साली स्कॉटिश सरदारांनी आपल्या स्वातंत्र्याचे जाहीर निवेदन पोपकडे पाठवले, ते आर्ब्रोथच्याच नावाने ओळखले जाते. दगड पुन्हा लंडनला गेला. पण चौघांपैकी कोणावरही खटला भरण्यात आला नाही.

येथे आपण मूळ प्रश्नाकडे वळू. खटला का भरला नाही? ॲटर्नी जनरल हार्टली शॉक्रॉस यांनी पार्लमेंटमध्ये सांगितलेले कारण एवढेच, की खटला भरणे सार्वजनिक हिताचे होणार नाही. त्यामागची अडचण कायद्याचा विद्यार्थी चटकन ओळखील. चोरी सिद्ध करायची तर वस्तू कोणाची हे आधी सांगावे लागते. भर न्यायालयात 'हा दगड तुमचा कसा?' असे विचारले गेले असते, तर १२९६ सालच्या स्वारीपलीकडे कोणता दाखला दाखवणार? शिवाय आरोपीच्या पिंजऱ्यात चार हसतमुख तरुण आणि बाहेर सारे स्कॉटलंड. सरकारने शहाणपणा केला, एवढे मात्र खरे.

या प्रश्नावर आपल्याकडच्या कायद्यातही एक मजेदार उदाहरण आहे. भारतीय दंड संहितेच्या ३७८ व्या कलमात चोरीची व्याख्या होती आणि तिच्याखाली घड्याळाचे उदाहरण दिलेले होते. एकाने आपले घड्याळ दुरुस्तीला दिले. देणे काही बाकी नाही. आणि त्याने दुकानात उघडपणे शिरून ते कारागिराच्या हातातून हिसकावून नेले. दांडगाईचा गुन्हा झाला असेल, पण ही चोरी नव्हे. कारण हेतू अप्रामाणिक नव्हता. मात्र दुरुस्तीचे पैसे द्यायचे असतील आणि कारागिराने त्यांसाठी घड्याळ अडवून ठेवले असेल, तर तेच कृत्य चोरी ठरते. म्हणजे चोरीचा निकाल हातावर लागत नाही, मनावर आणि देण्याघेण्यावर लागतो. २०२४ च्या जुलैपासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. पण हा विचार बदललेला नाही. हे माप लावले तर मला वाटते, हॅमिल्टन आणि त्याच्या मित्रांनी दार फोडले हे खरे, सिंहासनाला इजा झाली हेही खरे. पण त्यांना चोर म्हणता येत नाही. स्कॉटलंडचे कोणतेही देणे बाकी नव्हते. आणि त्यांनी दगड स्वतःच्या घरी नेला नाही. राष्ट्राच्या हाती ठेवला.

या निष्कर्षावर एक आक्षेप येईल आणि तो मला टाळायचा नाही. आज एकाने 'आमचे आम्ही नेले' म्हटले, तर उद्या प्रत्येक जण पहार घेऊन निघेल; मग कोणाचे संग्रहालय आणि कोणते देऊळ सुरक्षित राहील? आक्षेप खरा आहे. त्याचे उत्तर मला या चौघांच्या वागण्यातच दिसते. त्यांच्याजवळ हत्यार नव्हते. त्यांनी कोणाला दुखापत केली नाही. आपण राजनिष्ठ आहोत, दगड तेवढा स्कॉटलंडमध्ये राहावा, असा अर्ज त्यांनी राजाच्या नावे जाहीर केला. आणि बोलणे सर्वांच्या कानी गेल्यावर दगड स्वतःहून पुढे आणून ठेवला. वस्तू लपवून ठेवणारा आणि वस्तूबद्दलचा प्रश्न उघड्यावर आणणारा, या दोघांत फरक केलाच पाहिजे.

चित्रपटाला या प्रश्नाचा भार सोसला का? पूर्णपणे नाही, असे माझे मत आहे. स्मिथ यांनी साहसपटाचा हलकाफुलका सूर पकडला आहे. योजना फसते, पुन्हा जमते, शिपाई येतो, आपण हसतो. इयन आणि के यांच्यातल्या ओढीलाही जरा जास्त जागा मिळाली आहे. वीस लाख सह्यांचा अपमान, युद्धानंतरची गरिबी, एका लहान देशाला हळूहळू आपली ओळख विसरायला लावणारी सुखवस्तू उदासीनता, हे सारे पार्श्वभूमीत राहते. तरीही एक गोष्ट चित्रपटाने फार चांगली साधली आहे. इंग्रज माणसांना त्याने राक्षस केलेले नाही. द्वेषावाचून देशप्रेम दाखवता येते, हे आपल्याकडच्या पडद्यावर क्वचितच दिसते. हॅमिल्टन यांच्याच पुस्तकावर चित्रपट आधारलेला आहे; त्यामुळे त्याची मिस्कील वृत्ती त्यांचीच असावी.

पुढे काय झाले हेही सांगितले पाहिजे, कारण चित्रपट जेथे संपतो तेथे गोष्ट संपत नाही. १९५३ साली मॅकॉर्मिक व हॅमिल्टन यांनी न्यायालयात एक दावा लावला. स्कॉटलंडमध्ये एलिझाबेथ नावाची राणी पूर्वी झालेलीच नव्हती. मग नव्या राणीला 'दुसरी' का म्हणायचे? दावा ते हरले. पण निकाल देताना लॉर्ड कूपर यांनी म्हटले की संसदेची अमर्याद सत्ता हे इंग्लंडचे तत्त्व आहे, स्कॉटलंडच्या घटनाविचारात त्याला आधार नाही. स्कॉटिश कायद्याचे विद्यार्थी हे वाक्य अजूनही अभ्यासतात.

१९९६ च्या जुलैत पंतप्रधान जॉन मेजर यांनी दगड परत देण्याची घोषणा केली आणि ३० नोव्हेंबरला, संत अँड्र्यूच्या दिवशी, तो एडिंबरोच्या किल्ल्यात विराजमान झाला. अट एकच, की राज्याभिषेकाच्या वेळी तो लंडनला पाठवावा. मते मिळावीत म्हणून हे केले अशी टीका झाली. तसा हेतू असलाच तर तो साधला नाही. पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत मेजर यांच्या पक्षाला स्कॉटलंडमध्ये एकही जागा मिळाली नाही. १९९९ साली स्कॉटलंडची संसद पुन्हा भरली. २०१४ च्या सार्वमतात मात्र बहुमताने स्वातंत्र्य नाकारले. मे २०२३ मध्ये तिसऱ्या चार्ल्सच्या राज्याभिषेकासाठी दगड लंडनला जाऊन परत आला. त्या वेळी झालेल्या बारीक तपासणीत त्यावर पूर्वी न दिसलेली रोमन आकड्यांसारखी खूण आढळली. मार्च २०२४ पासून तो पर्थच्या नव्या संग्रहालयात आहे. स्कूनपासून हाकेच्या अंतरावर. ७२८ वर्षांनी तो घराजवळ आला. हॅमिल्टन हे पाहायला नव्हते. ऑक्टोबर २०२२ मध्ये ९७ व्या वर्षी ते वारले.

स्कॉटलंडच्या या गोष्टीचा एक धागा आपल्या साताऱ्यापर्यंत येतो. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील जी वाघनखे जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या कराराने साताऱ्याला आणली गेली, ती जेम्स ग्रँट डफ यांच्या घराण्याकडून त्या संग्रहालयाकडे आली होती. मराठ्यांचा इतिहास लिहिणारे, साताऱ्याचे रेसिडेंट असलेले हे ग्रँट डफ स्कॉटिश होते! ही वाघनखे त्यांना भेट मिळाली अशी नोंद आहे; ती शिवाजी महाराजांचीच होती असे निश्चित सांगता येत नाही, असे संग्रहालय म्हणते. आपण त्यांच्या दर्शनाला रांगा लावल्या. मला वाटते, रांगेइतकेच प्रश्नही लावले पाहिजेत. लुटून नेलेले, विकत घेतलेले आणि भेट मिळालेले, या तिन्हींचा न्याय एकच असू शकत नाही. एडवर्डाने नेलेल्या दगडाविषयी शंका नव्हती, म्हणून हॅमिल्टनची बाजू बळकट झाली. परत मागण्याचा हक्क हवा असेल तर आधी कागद वाचण्याचे कष्ट हवेत. आणि ते कष्ट ग्रंथालयातच घ्यावे लागतात.

राहता राहिला प्रश्न दगडाच्या मोलाचा. दगड परतल्याने स्कॉटलंडात एकाही माणसाला नोकरी मिळाली नाही, एकही घर बांधले गेले नाही. व्यवहारी माणूस म्हणेल, मग मिळवले काय? मी एवढेच म्हणेन की १९५० च्या नाताळापूर्वी स्कॉटलंडच्या मागणीला लंडनमध्ये कोणी किंमत देत नव्हते, आणि त्यानंतर त्या मागणीकडे दुर्लक्ष करणे अवघड झाले. वीस लाख सह्या टेबलावर पडून राहिल्या. १५२ किलोंचा एक दगड जागचा हलला तेव्हा दोन्ही देश जागे झाले. तो हलवणाऱ्यांत सर्वांत लहान होता तो वीस वर्षांचा होता. आपल्या वर्गातील पुष्कळांचे वय आज तेवढेच आहे. पहार कोणी उचलू नये. पण जी गोष्ट सर्वांनी 'आता काय होणार' म्हणून सोडून दिली आहे, ती पुन्हा विचारून पाहण्याचे वय हेच आहे.